शिवाराचा उंचसखलपणा कसा मोजावा? (पाणी कुठं जातं यावरून गावात भांडण)

खडूफळा
नमस्कार मंडळी. मी हिंगणघाट तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. स्वतःची शेती नाही, म्हणजे या भांडणात माझा काही हिस्सा नाही. पण ग्रामसभेत "मास्तर शिकलेले हायेत, त्याइले इचारा" असं कोणीतरी म्हणालं आणि मी सापडलो.

मामला असा. गावाच्या पूर्वेला नदी, पश्चिमेला नाला. मधे काळ्या जमिनीचा पट्टा आणि त्यात एक सखल भाग, त्याला सगळे 'लवण' म्हणतात. लवण आणि नदी यांच्यामधून पांदण जाते. दोन वर्षांपूर्वी तिच्यावर मुरूम टाकून ती दीडेक फूट उंच केली. तेव्हापासून लवणात पाणी तुंबतं. मागच्या ऑगस्टात तूर पिवळी पडून गेली. नाल्याकडचे शेतकरी म्हणतात, लवणाचं पाणी वाडवडिलांपासून नदीकडं जात होतं, तेव्हा पांदणीखाली पाईप टाका. नदीकडचे म्हणतात, खोटं आहे, पाणी नाल्याकडंच जायचं, पाईप टाकला तर आमचा चणा बुडेल. दोन्हीकडं सत्तरीच्या पुढचे साक्षीदार, दोघंही शपथेवर सांगतात.

मी सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावरून नकाशाचं पत्रक उतरवलं (जुना क्रमांक ५५एल/१४). तपकिरी रेषा पाहिल्या. आमचं अख्खं शिवार दोन रेषांच्या मधे बसलंय, एकही रेषा आतून जात नाही! फोनमधलं उंचीचं ॲप एकाच धुऱ्यावर (बांधावर) सकाळी २१८ मीटर, दुपारी २०९ सांगतं.

तर जाणकारांनी सांगावं, कमी खर्चात ही उंची कशी मोजायची? हाताशी सातवी-आठवीची अकरा पोरं आहेत.

टिंगलटवाळ्या
एक टँकर बोलवा, लवणात ओता, आन् पाहात बसा. :)

खडूफळा
टँकर उन्हाळ्यात प्यायलाच मिळत नाही हो.

समोच्चरेषा
मास्तर, नकाशा बरोबर आहे, तुमची अपेक्षा चुकीची आहे. मी नागपुरात याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१:५०,००० च्या पत्रकावर दोन समोच्चरेषांमधलं (त्याच तपकिरी रेषा, एकसारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) उंचीचं अंतर साधारण २० मीटर असतं. म्हणजे पाच-सहा मजली इमारत दोन रेषांच्या मधे लपून जाईल. तुमचं भांडण दीड फुटाचं. मेळघाटात त्याच पत्रकावर रेषा एकमेकींच्या अंगावर चढलेल्या दिसतात, कारण तिथं जमीनच तशी आहे. वर्ध्याच्या काळ्या पट्ट्यात कोरा कागद दिसणार.

आता कोणीतरी "उपग्रहाचं बघा" म्हणेलच, म्हणून आधीच सांगते. फुकट मिळणारा सगळ्यात प्रसिद्ध उंचीसाठा फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून अकरा दिवसांत रडारने घेतलेला आहे. त्यातला एक ठोकळा साधारण ३० मीटर बाय ३० मीटरचा, आणि त्या सगळ्या ठोकळ्याला मिळून एकच आकडा, तोही पूर्ण मीटरमध्ये. २१४ किंवा २१५, मधलं काही नाही. शिवाय रडारला जमीन आणि झाडाचा शेंडा यातला फरक फारसा कळत नाही. धुऱ्यावर बाभळींची रांग असेल तर तिथं संगणक टेकडी दाखवतो. इस्रोच्या 'भुवन' संकेतस्थळावर कार्टोसॅट उपग्रहाचा साठाही आहे, पण तुमच्या कामाला तोही जाडाभरडाच. डोंगरदऱ्या, खोरी, पाणलोटाच्या मोठ्या सीमा यासाठी हे सोन्यासारखं आहे. लवणासाठी नाही.

फोनचं तर सोडूनच द्या. उपग्रह उंची मोजतात ती पृथ्वीच्या एका गणिती गुळगुळीत आकारापासून. आपण म्हणतो ती समुद्रसपाटीपासून. आपल्या भागात या दोन आकड्यांत पन्नास मीटरहून जास्त फरक पडतो. काही ॲप तो दुरुस्त करतात, काही करत नाहीत. त्यावर रोजची चूक वेगळी. खरी उंची पाहायची हौस असेल तर रेल्वे स्टेशनावरची पिवळी पाटी वाचा, खाली बारीक अक्षरात लिहिलेली असते.

मुक्काम_पुणे
हिंगणघाट आणि मोजणी! मास्तर, तुम्ही कुठं बसून हा प्रश्न विचारताय माहीत आहे का? ज्याने १८०२ मध्ये मद्रासेजवळून भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली, तो विल्यम लॅम्बटन तुमच्या हिंगणघाटातच गेला, २० जानेवारी १८२३ ला. हैदराबादहून नागपूरकडं निघाला होता, वाटेत हिंगणघाटाला देह ठेवला. थडगं तिथंच आहे. पुढं त्याचं काम एव्हरेस्टने हातात घेतलं आणि शिखराला नाव लागलं एव्हरेस्टचं. लॅम्बटनच्या वाट्याला आला हिंगणघाट.

टिंगलटवाळ्या
वर्धेच्या उन्हानं घेतला असन बिचाऱ्याले.

मुक्काम_पुणे
अहो, तारीख वाचा. जानेवारी.

टिंगलटवाळ्या
मंग थंडीनं. आमी कोनत्याच मोसमात पाव्हण्याले सोडत नाई.

मेहकरकर
१८२३ वरून आठवलं. लोणारच्या विवराची नोंद एका इंग्रज अधिकाऱ्याने केली तीही १८२३ ची. जवळजवळ १.८ किलोमीटर रुंद, दीडशे मीटर खोल. आमच्याकडं पाणी कुठं जातं यावर भांडण होऊच शकत नाही. सगळं आत जातं, बाहेर यायला वाटच नाही.

पऱ्हाटी
धागा भरकटून राह्यला म्हणून मास्तरले सरळ सांगतो. नळीनं मोजा. पाणलोटाच्या स्पर्धेच्या टायमाले आमच्या गावात चर खांदाले हेच वापरलं, लाखाचं यंत्र नाई लागत.

दहा-बारा मीटर पारदर्शक नळी घ्या, हार्डवेअरच्या दुकानात भेटते. दोन सरळ बांबू, दोन्हीले शाळेतल्या पट्टीसारख्या सेंटिमीटरच्या खुणा करा. नळीचं एक एक टोक एका एका बांबूले बांधा. नळीत पानी भरा, त्यात थोडी नीळ टाका म्हणजे उन्हात दिसते. दोन पोट्टे दोन बांबू घिऊन उभे. पानी दोन्हीकडं एकाच पातळीवर राह्यते, थे काई खोटं बोलत नाई. इकडलं वाचन ९०, तिकडलं ९४, तर तिकडची जमीन चार सेंटिमीटर खाली. लिहून घ्या, मागचा पोट्टा म्होरं जाईन, असं करत करत चाला.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. नळीत बुडबुडा राह्यला तर सगळं वाचन बोंबलते. आमचा पहिला चर असाच चढावर गेला होता, अर्धा दिवस खांदून पाह्यलं तं पानी उलटं. नळी उभी धरून टिचक्या मारून बुडबुडे काढा. आन् चालताना टोकाले बूच लावता तं वाचताना दोन्ही बुचं काढाची. एक लावलेलं राह्यलं की संपलं.

ड्रोनाचार्य
२१ व्या शतकात नळी आणि बांबू? गावठाणाची मोजणी ड्रोननं झाली, स्वामित्व योजना २०२० पासून चालू आहे. एक उड्डाण मारा, सगळ्या शिवाराचं त्रिमितीय मॉडेल हातात. अर्ध्या दिवसाचं काम.

समोच्चरेषा
@ड्रोनाचार्य, ड्रोन उत्तम, मी रोज वापरते. पण जमिनीवर अचूक उंचीचे चार-सहा बिंदू आधी ठोकले नाहीत तर ते मॉडेल सुंदर दिसतं आणि कडेला वाकलेलं असतं. आठ-दहा सेंटिमीटरचा वाद त्यावर सुटणार नाही. शिवाय शेतात कापूस उभा असेल तर ड्रोन कापसाची उंची मोजेल. करायचंच तर मे महिन्यात, नांगरट व्हायच्या आधी. परवानग्या वेगळ्या.

पऱ्हाटीभाऊंची नळी या कामाला जास्त योग्य आहे, हे मी नोकरी सांभाळून म्हणतेय.

साखळीवाले_काका
मी तीस वर्षं मोजणीत काढली, निवृत्त आहे. दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नका.

गाव नकाशा म्हणजे गाव वरून चापट दाबून काढलेलं. त्यात गटाच्या हद्दी, पांदण, नाला, विहीर, गावठाण, रिठी (उजाड झालेलं) गाव असेल तर तेही मिळेल. चढउतार मिळणार नाही. आमची साखळी हद्दीसाठी. वऱ्हाडाकडं ३३ फुटी साखळी, तिचे सोळा आणे. गुंठा ३३ बाय ३३ फुटांचा का, तर या साखळीमुळे. त्या साखळीने जमीन किती ते कळायचं, कशी आहे ते नाही.

पण मास्तर, तुम्ही एक करा. गावाचा जुना नकाशा आणि निस्तार पत्रक काढून पाहा. पाण्याची वाट, ढोरांचा रस्ता, असल्या वहिवाटी मध्यप्रांतातल्या गावांच्या कागदात नोंदलेल्या सापडतात. लवणातून निघणारी एखादी तुटक रेषा नकाशात असेल तर भांडण कागदावरच मिटेल.

आणि हद्दीचा दगड धरून उंची मोजू नका. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात वीतभर रुंद भेगा पडतात. मी स्वतः पुरलेला दगड सात वर्षांनी तिरपा होऊन बोटभर वर आलेला पाहिलाय. विहिरीचा दगडी काठ किंवा पुलाचा कठडा धरा.

खडूफळा
काका, अनमोल. नकाशा काढला. नाला आहे, पांदण आहे, तुटक रेषा नाही. लवण नावाचं काहीच नाही त्यात.

बोडीवाला
लवण नाहीच मिळणार. मी गोंदियाकडचा. आमच्याकडं जमिनीची नावं म्हणजेच नकाशा. कन्हार, मोरांड, खर्डी, बर्डी. कन्हार सगळ्यात खोलगट भागात, भारी, पाणी धरणारी. तिथून चढत गेलं की मोरांड, मग खर्डी, आणि वर गोट्याची बर्डी. नुसतं "माझी दोन एकर बर्डी हाय" म्हटलं की ऐकणाऱ्याला उंची, माती, पीक, अन् पोरीचं लग्न त्या घरात करायचं की नाही, सगळं कळते. नागपूरची सीताबर्डीही टेकडीच की.

जुन्या जमीनबंदोबस्ताच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी सारा ठरवताना हेच शब्द घेतले. नवीन मातीचे नकाशे नागपूरच्याच राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेत होतात, तेही चांगले, पण त्यातलं नाव आमच्या बाबांना वाचता येत नाही.

आणि तलाव! मालगुजारी तलाव कोहळी लोकांनी बांधले. नळी नाही, ड्रोन नाही. पावसात हिंडून पाणी कुठं अडतं ते पाहायचं आणि पाळ टाकायची. नवेगावबांधचा तलाव अजून उभा आहे.

दर्यापूरवाला
सगळे वरच्या अंगाचंच बोलत आहेत. आमच्या खारपाणपट्ट्यात पूर्णेच्या खोऱ्यात जमीन इतकी सपाट की सायकल सोडली तर पडते, घसरत नाही. खाली गाळ शेकडो मीटर खोल, विहीर खांदा तं खारं पाणी. सातपुड्याच्या पायथ्याशी मात्र गोटे-वाळूचा सैल पट्टा, त्यात पाणी घडाघडा मुरते. नकाशात पायथा आणि आम्ही, दोघंही पिवळेच, शेतजमीन म्हणून. वरून एकसारखं दिसते, खालून जमीन-अस्मानाचा फरक.

तेव्हा मास्तर, लवणातलं पाणी नुसतं वाहते कुठं ते पाहू नका, मुरते की नाही तेही पाहा. खालचा थर चिकण असेल तर पाईप टाकूनही चिबड राहील.

समोच्चरेषा
हे फार महत्त्वाचं. त्यात भर घालते. वर्धा जिल्हा बेसॉल्टवर आहे. लाव्हाचे थर एकावर एक, पायऱ्यांसारखे. 'ट्रॅप' हा शब्दच स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आलाय. जवळपास साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या या पायऱ्या. एखादा थर भोकाभोकांचा, पाणी धरणारा, त्याखालचा घट्ट, पाणी न सोडणारा. मधे कधी लाल मातीची पट्टी. म्हणून एकाच उंचीवर ओळीने झरे किंवा चांगल्या विहिरी लागतात. मास्तर, गावातल्या बारमाही विहिरी नकाशावर मांडून पाहा, बहुधा एका रेषेत येतील.

मुक्काम_पुणे
आणि पूर्णा पश्चिमेला, वर्धा पूर्वेकडं! अमरावतीची पेढी पूर्णेतून तापीला मिळून अरबी समुद्रात. चांदूर रेल्वेकडं पडलेला पाऊस वर्धेतून प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागरात. एकाच जिल्ह्यातले दोन ढग, दोन समुद्र. मास्तरांच्या लवणाचं तेच आहे, फक्त लहान मापात.

टिंगलटवाळ्या
तूर एकाची सडली आन् समुद्र दोन भरले.

खडूफळा (बारा दिवसांनी)
मंडळी, मोजलं!

नळी ११ मीटरची घेतली, नीळ शाळेशेजारच्या दुकानातून. पहिल्या दिवशी पोरांनी नीळ इतकी ओतली की नळीला डाग पडून वाचनच दिसेना. दुसऱ्या दिवशी जमलं. नाल्याच्या पुलाच्या कठड्यापासून निघालो, लवण ओलांडून पांदणीपर्यंत ६४० मीटर, दर दहा मीटरला वाचन. ६४ जोड्या. आठवीतली एक मुलगी वहीत लिहीत होती. तिचं म्हणणं, "सर, जमीन श्वास घेतल्यासारखी वर-खाली होते."

आता निकाल. लवणाचा तळ शून्य धरला तर नाल्याकडची कड २२ सेंटिमीटर वर. नदीकडची, पांदणीच्या शेजारची मूळ जमीन १४ सेंटिमीटर वर. म्हणजे लवण हे एका बाजूने जरा खाली दाबलेल्या परातीसारखं आहे. साध्या पावसात परात १४ पर्यंत भरली की पाणी नदीकडं. मोठा पाऊस आला आणि २२ च्या वर चढलं की नाल्याकडंही.

नदीकडचे साक्षीदार नाल्याकडं पाणी गेलेलं सांगतात ते मोठ्या पावसाचं. नाल्याकडचे सांगतात ते एरवीचं. आता पांदण दीड फूट वर गेल्यावर नदीकडचं दार बंद, सगळंच पाणी नाल्याकडच्या कडेवरून, आणि तोपर्यंत लवणात तुंबलेलं.

उद्या सरपंचांना दाखवतो.

पऱ्हाटी
वा मास्तर! अकराही पोट्ट्याइले माह्याकडून भजे.

समोच्चरेषा
मास्तर, थांबा. परतीचं वाचन घेतलं का? म्हणजे पांदणीपासून वेगळ्या वाटेने मोजत पुन्हा त्याच कठड्यावर आलात का? आलात तर शेवटी बेरीज शून्य यायला हवी. जेवढी येत नाही तेवढी तुमची चूक.

६४ वाचनांत प्रत्येकी अर्धा सेंटिमीटर इकडंतिकडं झालं तरी शेवटी चारेक सेंटिमीटर सहज जमतात. तुमचा सगळा निकाल २२ आणि १४ मधल्या आठ सेंटिमीटरवर उभा आहे. ग्रामसभेत हे पहिल्यांदा कोणी विचारलं तर?

खडूफळा
नाही घेतलं. :( सरपंचांना उद्या नको म्हणून सांगतो.

ड्रोनाचार्य
मी बोललो होतो.

पऱ्हाटी
@ड्रोनाचार्य, तुमच्या ड्रोनले परतीचं वाचन कोन घेते भौ?

साखळीवाले_काका
समोच्चरेषाताई, अगदी खरं. आमचे साहेब म्हणायचे, मोजणी गेलेल्याची नाही, परत आलेल्याची. परत मोजा, दुपारी बारा ते तीन नको. नळीचा अर्धा भाग उन्हात आणि अर्धा सावलीत असला तरी पातळी हलते.

खडूफळा (आठवड्याने)
परत मोजलं. सकाळी साडेसहाला निघालो. जाताना धुऱ्याने, येताना लवणाच्या उत्तरेकडून वळसा घेऊन. कठड्यावर आलो तेव्हा चूक ३ सेंटिमीटर. ती वाटून टाकल्यावर नाल्याकडची कड २१, नदीकडची १४. निकाल तोच.

पण खरी गोष्ट वेगळीच घडली. आम्ही नळी घेऊन नदीकडच्या कडेला पोचलो तेव्हा तिथले एक आजोबा शेळ्या घेऊन उभे होते. ८० च्या पुढचे. मी म्हटलं, आजोबा, या धुऱ्याला काही नाव आहे का? म्हणाले, "हाये ना. वाहता धुरा." मी विचारलं, का म्हणून? माझ्याकडं असं पाहिलं की मलाच लाज वाटली. "वाहते म्हणून."

इतकी वाचनं, नीळ, दोन रविवार, आणि उत्तर नावातच. ते आजोबा नदीकडच्या गटातले साक्षीदार, बरं का. ग्रामसभेत हे नाव त्यांनी घेतलं नव्हतं.

बोडीवाला
मास्तर, मी काय म्हणत होतो!

दर्यापूरवाला
मुरण्याचं पाहिलं का?

खडूफळा
@दर्यापूरवाला, हो. लवणात कमरेएवढा खड्डा खोदून पाणी ओतलं, दुसऱ्या दिवशीही निम्मं तसंच. चिकण आहे. पाईप १४ सेंटिमीटरच्या पातळीला टाकायचा ठरलाय, म्हणजे पूर्वी जेवढं तुंबायचं तेवढंच तुंबेल, जास्त नाही. नदीकडच्यांचा चणा पेरायच्या आत पाणी उतरावं म्हणून तोंडाला फळी बसवायची मागणी आहे, त्यावर अजून वाद चालू आहे. फळी कोणाच्या घरी ठेवायची यावर.

आणि आठवीची पोरं आता गावातल्या सगळ्या धुऱ्यांची नावं गाव नकाशाच्या झेरॉक्सवर लिहून काढत आहेत. आत्तापर्यंत ३७ झाली. 'भुताची झरी' कुठं लिहायची यावर दोन घरांत भांडण आहे, नळी लागेल का तिथं?